तक्त्यात नसलेली ओळ

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाच्या निमित्ताने मी संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गाला जायला लागले. चाळिशीत नवी भाषा शिकायची म्हणजे गंमतच असते. दिवसभराचं काम उरकून, पोरीचा डबा उद्याच्यासाठी काय असा विचार करत करत आपण बाकावर बसतो आणि समोर फळ्यावर क्रियापदाचा तक्ता येतो. आमच्या बाईंनी पहिलं क्रियापद दिलं ते 'कान्तार', म्हणजे गाणे. मी गातो, 'कान्तो'. तू गातोस, 'कान्तास'. तो गातो, 'कान्ता'. आम्ही 'कान्तामोस', तुम्ही 'कान्ताइस', ते 'कान्तान'.

शाळेत संस्कृतच्या तासाला 'गच्छति गच्छतः गच्छन्ति' घोकलेलं असल्यामुळे मला हे काही जड गेलं नाही. पण एवढ्यावर थांबतंय कुठे! गात असे, गायलो, गाईन, गाईन म्हणालो होतो, मी गावं असं कुणाला वाटतं, मी गायलो तर... प्रत्येकाची सहा-सहा रूपं. पूर्ण तक्ता मांडला तर नुसती साधी रूपंच नऊ गुणिले सहा, म्हणजे ५४ होतात. आज्ञार्थ आणि जोडकाळ वेगळेच. त्यात जोर कुठे द्यायचा यावर अर्थ फिरतो. 'कान्तो' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी गातो', शेवटच्यावर दिला तर 'तो गायला'!

तर या तक्त्यावरून एकदा वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, आमच्या टीममधला अर्जेंटिनाचा माणूस 'तू' साठी 'तू कान्तास' असं म्हणतच नाही. 'वोस कान्तास' म्हणतो, आणि जोर शेवटी देतो. हे तक्त्यात कुठे आहे?" बाई म्हणाल्या, "ते तिकडचं. परीक्षेला नाही. सोडून द्या."

बाई चुकीचं काही बोलल्या नाहीत. परीक्षेला ते खरंच नव्हतं. पण 'ते तिकडचं' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. त्याचं कारण फार जुनं आहे.

मी मूळची विदर्भातली. बाबांची बदली झाली आणि सहावीत मी पुण्यात आले. नव्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर बाई वर्गात शिरल्या तेव्हा माझा डबा संपायचा होता. "काय गं, काय करतेस?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "डबा खाऊन राहिली बाई." त्यावर बाई म्हणाल्या, "खाऊन कुठे राहिलीस?" आणि सगळा वर्ग हसला. बाईंच्या मनात दुष्टपणा नसावा. पण मी त्या दिवसापासून ते रूप बोलणं बंद केलं. बाहेर बंद केलं, मग घरातही बंद केलं. पुढच्या मे महिन्यात गावी गेले तर आजीने विचारलं, "काय करून राहिली माय?" आणि मी, वय वर्षं अकरा, आजीला म्हणाले, "आजी, असं नाही म्हणायचं. 'काय करतेस' म्हणायचं." आजी नुसती हसली. त्यानंतर माझ्याशी बोलताना ती जरा जपून बोलायची, हे मला फार उशिरा कळलं.

असो. सांगायचा मुद्दा हा की त्या 'वोस'च्या निमित्ताने मी हा तक्ता आला कुठून ते वाचायला लागले. आणि जे कळलं ते असं.

स्पॅनिश ही लॅटिनची लेक. लॅटिनमध्ये 'मी गाईन' याला 'कान्ताबो' असा सुटसुटीत, एका शब्दाचा भविष्यकाळ होता. पंडितांची भाषा तीच. पण बोलणाऱ्यांच्या तोंडी हळूहळू दोन स्वरांमधला 'ब' सैल पडून 'व' सारखा झाला. त्यामुळे 'कान्ताबित' म्हणजे 'तो गाईल' आणि 'कान्ताविट' म्हणजे 'तो गायला', ही दोन रूपं कानाला जवळजवळ सारखी वाटायला लागली. तो गाईल की गाऊन मोकळा झाला, हेच कळेना! (स्पॅनिशमध्ये आजही 'ब' आणि 'व' या दोन अक्षरांचा उच्चार एकच आहे.) लोकांनी यावर आपला उपाय काढला. ते म्हणायला लागले, 'कान्तारे हाबेओ'. शब्दशः 'गायचं माझ्याकडे आहे', आपल्या भाषेत 'मला गायचं आहे'. आधी त्यात 'गायला हवं' असा भाव होता, मग नुसतं 'गाईन' एवढाच उरला.

शुद्ध लॅटिन लिहिणाऱ्याने असं लिहिलं नसतं. म्हणून या रूपाचा पुरावा सापडतो तोही चोरपावलाने आलेला. सातव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या भागात लिहिलेला एक इतिहास आहे, फ्रेडेगारच्या नावाने ओळखला जाणारा. त्यात सम्राट जस्टिनियनची एक गोष्ट आहे. पराभूत इराणी राजाकडे तो प्रदेश परत मागतो. राजा म्हणतो, 'नोन दाबो', देणार नाही. जस्टिनियन म्हणतो, 'दारास!', म्हणजे देशील! आणि म्हणून त्या जागी वसलेल्या शहराचं नाव पडलं दारास. गोष्ट अर्थातच रचलेली. ते शहर जस्टिनियनच्या आधीच, सम्राट अनास्तासियसने वसवलेलं होतं. पण गंमत बघा, राजाच्या तोंडी जुना, पुस्तकी भविष्यकाळ आहे आणि सम्राटाच्या तोंडी नवा, बाजारातला. लोक घरीदारी 'दारास' म्हणत होते म्हणूनच हा विनोद जमला. आज स्पॅनिशच्या कुठल्याही तक्त्यात 'तू देशील' च्या घरात हेच लिहिलेलं आहे. दारास.

हे कळल्यावर मी वही उघडली आणि भविष्यकाळाची ओळ पुन्हा बघितली. 'आबेर' या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपं ए, आस, आ, एमोस, आन. आणि भविष्यकाळ? कान्तार-ए, कान्तार-आस, कान्तार-आ, कान्तार-एमोस, कान्तार-आन. शिवण अजून दिसते आहे! महिनाभर मी हे प्रत्यय म्हणून घोकत होते, ते खरं तर जुनं 'आहे' होतं. 'गाईन म्हणालो होतो' मधलं 'कान्तारीआ' हेही तसंच, फक्त त्याच्या शेपटाला त्याच क्रियापदाचा भूतकाळ जोडलेला. जुन्या स्पॅनिशमध्ये तर हे दोन तुकडे सुटेसुद्धा व्हायचे. १२०० च्या आसपासच्या 'सिद'च्या वीरगाथेत मधोमध सर्वनाम घातलेली अशी रूपं आहेत, 'देणं-तुम्हाला-आहे' अशा धर्तीची. स्पॅनिशने ते सोडून दिलं, पण शेजारच्या पोर्तुगीजने औपचारिक लिखाणात आजही ठेवलं आहे.

आता आपल्याकडे बघा. पुण्यातलं शुद्ध 'करतोय' म्हणजे काय? 'करतो आहे'. दोन शब्द घासून एक झाले. 'मला जायचंय' म्हणजे 'जायचं आहे'. मग 'करून राहिलो' काय वेगळं आहे? एका क्रियापदाला दुसऱ्याचा आधार दिला आणि 'काम चालू आहे' असा अर्थ काढला. रीत तीच, फक्त आधाराला 'असणे' ऐवजी 'राहणे' घेतलं. शेजारच्या हिंदीतही 'कर रहा हूँ' असंच होतं आणि तिथे त्याला कुणी हसत नाही.

आणखी एक पाहा. 'तो रोज देवळात जाई' हा आपला रीतिभूतकाळ. पण ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीत 'जाई', 'करी' ही रूपं वर्तमानकाळाची होती. 'करी' म्हणजे करतो. पुढे 'करत' या धातुसाधितावरून आलेल्या 'करतो' ने ती जागा घेतली आणि जुना वर्तमानकाळ सरकून भूतकाळात जाऊन बसला. 'खाई त्याला खवखवे' या म्हणीत मात्र तो अजून वर्तमानकाळातच आहे. आणि त्याच 'करी' ला 'ल' लागून भविष्यकाळातलं 'करील' झालं. एकाच घरातली भावंडं, एक भूतकाळात नांदायला गेलं, एक भविष्यात.

स्पॅनिशमध्येही असं स्थलांतर झालेलं आहे. आपल्या व्याकरणात काळाबरोबर 'अर्थ' असतात ना, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, तसं त्यांच्याकडे घडलेलं एका बाजूला आणि मनातलं दुसऱ्या बाजूला. 'तो गातो' वेगळं आणि 'त्याने गावं असं मला वाटतं' वेगळं. 'मी गायलो तर' अशा कल्पनेसाठी स्पॅनिशमध्ये दोन रूपं आहेत, 'कान्तारा' आणि 'कान्तासे'. दोन्ही बरोबर. विद्यार्थी वैतागतात, दोन कशाला? कारण दोघांची गावं वेगळी. 'कान्तासे' हे लॅटिनमध्येही कल्पनेचंच रूप होतं. 'कान्तारा' मात्र लॅटिनमध्ये चक्क घडलेल्या गोष्टीचं, 'मी गायलो होतो' या अर्थाचं होतं. घडून गेलेलं हळूहळू 'घडलं असतं तर' झालं. आज लॅटिन अमेरिकेत बोलताना तर मुख्यतः हेच रूप चालतं.

आणि एक ओळ तर बहुतेक शिक्षक शिकवतही नाहीत. 'पुढेमागे कुणी गायलाच तर' अशा अर्थाचं 'कान्तारे', जोर मधल्या 'ता' वर. हे बोलण्यातून गेलं. म्हणींमध्ये उरलं आणि कायद्यात उरलं. स्पेनच्या दंडसंहितेत 'जो कोणी दुसऱ्याला ठार मारील' यातलं क्रियापद याच रूपात आहे. आपण बोलताना 'करेल' म्हणतो पण कायद्याच्या पुस्तकातला 'जो कोणी' नेहमी 'करील' च असतो, तसंच काहीसं.

आता हा सगळा पसारा तक्त्यात बसवला कुणी? आंतोनियो दे नेब्रिखा या विद्वानाने. त्याचं कास्तियन भाषेचं व्याकरण सालामांका इथे १८ ऑगस्ट १४९२ ला छापून पूर्ण झालं. वर्ष ओळखीचं वाटलं ना? त्याच वर्षी २ जानेवारीला ग्रानादा पडलं. ३१ मार्चला ज्यूंनी स्पेन सोडावं असा हुकूम निघाला. ३ ऑगस्टला कोलंबसची जहाजं निघाली. तोवर लोकांना वाटायचं की व्याकरण असतं ते लॅटिनला. घरात बोलतो त्या भाषेला कसलं आलंय व्याकरण? नेब्रिखाने प्रस्तावनेत राणी इसाबेलासाठी एक प्रसंग सांगितला आहे. त्याने सालामांकात या कामाचा नमुना दाखवला तेव्हा राणीने विचारलं, याचा उपयोग काय? तेव्हा आविलाच्या बिशपने त्याच्या वतीने उत्तर दिलं की महाराणी अनेक परक्या भाषांच्या लोकांना जिंकतील, जिंकलेल्यांना जेत्याचे कायदे आणि जेत्याची भाषा शिकावी लागेल, तेव्हा हे पुस्तक कामाला येईल. भाषा ही कायम साम्राज्याची सोबतीण राहिली आहे, हे नेब्रिखाचं म्हणणं तर पुढे फार गाजलं.

कोलंबसला तेव्हा जमीन दिसलेलीसुद्धा नव्हती, त्यामुळे हे अमेरिकेबद्दल होतं असं म्हणता येणार नाही. पुस्तकही काही खपलं नाही, अठराव्या शतकापर्यंत ते पुन्हा छापलं गेलं नाही. पण नेब्रिखाबद्दल मला आदर वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. 'कान्तारे' सारखा भविष्यकाळ म्हणजे मूळ क्रियापद अधिक 'आबेर' ची रूपं, हे त्याने त्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. शिवण त्याला दिसली होती. लॅटिनचा एवढा मोठा पंडित, पण 'ही लॅटिनची बिघडलेली रूपं आहेत' असं म्हणून त्याने ती टाकून दिली नाहीत. लोक बोलतात तशी मांडली.

तक्ता झाला की मात्र त्याला काठ येतात. काय आत, काय बाहेर हे ठरतं. स्पेनची राजेशाही भाषा-अकादमी १७१३ मध्ये स्थापन झाली, तिचं व्याकरण १७७१ मध्ये आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १७७० मध्ये, तिसऱ्या कार्लोस राजाने अमेरिकेतल्या मूळ भाषा बंद होऊन फक्त कास्तियन चालावी असं फर्मान काढलं होतं. (आपल्या शेजारी गोव्यातही हे झालेलं आहे. थॉमस स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागा असा हुकूम काढला.)

आता त्या 'वोस' कडे येते. 'वोस' हे कुणी खेड्यात केलेलं नवं पिल्लू नाही. ते एके काळी आदराचं सर्वनाम होतं, आपल्या 'आपण' सारखं. पुढे त्याचा आदर झिजला आणि आदरासाठी 'आपली कृपा' अशा अर्थाचा 'व्हुएस्त्रा मेर्सेद' आला. तोही घासत घासत 'उस्तेद' झाला. मग माद्रिदमध्ये घरगुती बोलण्यात 'तू' (हो, त्यांचंही 'तू' च) पुढे आलं, आणि ज्या मेक्सिको, लिमासारख्या राजधान्यांचा दरबाराशी रोजचा संबंध होता तिथेही तेच पोचलं. दूरच्या ब्युनोस आयर्समध्ये, मध्य अमेरिकेत मात्र 'वोस' राहून गेलं. त्याचं क्रियापदही जुनंच. 'कान्तादेस' मधला 'द' गळून स्पेनमध्ये 'कान्ताइस' आणि 'कान्तास' (शेवटी जोर देऊन) अशी दोन्ही रूपं चालायची. पहिलं तक्त्यात गेलं, दुसरं जहाजातून गेलं.

अमेरिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्यावर हा तक्ता नव्याने मांडणारा माणूस म्हणजे आंद्रेस बेयो. जन्म काराकासचा, १७८१ चा. लंडनमध्ये जवळजवळ वीस वर्षं हलाखीत काढली, मग चिलीला गेला. तिथल्या विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला, देशाची दिवाणी संहिता लिहिली. १८४७ मध्ये त्याने खास 'अमेरिकनांच्या उपयोगासाठी' असं शीर्षकातच लिहून कास्तियनचं व्याकरण काढलं. लॅटिनचे साचे स्पॅनिशवर लादू नका, हे त्याने ठणकावून सांगितलं. काळांना त्याने दिलेली नावं तर फार सुंदर आहेत. 'गात होतो' हा सह-भूत, कारण तो दुसऱ्या भूतकाळाच्या सोबतीने असतो. 'गाईन म्हणालो' हा उत्तर-भूत. मेक्सिकोच्या शाळांत ही नावं आजही शिकवतात. आणि प्रस्तावनेत तो म्हणतो की स्पेनमधल्या आरागॉन आणि आंदालुसियाला आपापले वेगळेपण माफ असतील, तर चिली आणि व्हेनेझुएलालाही तेवढाच हक्क आहे.

वाचून मला इतका आनंद झाला! आणि मग पुढचं वाचलं. याच बेयोने १८३३-३४ मध्ये सांतियागोच्या 'एल आराउकानो' या वर्तमानपत्रात भाषेच्या वापरावर लेख लिहिले, आणि त्यात 'वोस' ला गावंढळ ठरवलं. ते सोडा, असं सांगितलं. चिलीच्या शिकलेल्या घरांतून ते बऱ्यापैकी गेलंही. परदेशी तक्त्याशी भांडणारा माणूस आपल्याच घरातल्या नोकर-चाकरांची, आयाबायांची ओळ खोडून मोकळा झाला. मला त्याचा राग आला नाही. मला अकरा वर्षांची मी आठवले.

अर्जेंटिनातही शाळेत 'वोस' म्हणू नका असं वर्षानुवर्षं शिकवत होते. मुलं वर्गात 'तू' म्हणायची आणि अंगणात आल्यावर 'वोस'. शेवटी १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या साहित्य अकादमीने 'वोस' सुशिक्षितांच्या भाषेचा भाग म्हणून मान्य केलं. २००९ च्या स्पॅनिश अकादम्यांच्या संयुक्त व्याकरणात तक्त्यातच 'तू / वोस' असं शेजारी-शेजारी छापलेलं आहे. रूप तेच होतं, बोलणारे तेच होते. बदललं ते फक्त एवढंच की कुणीतरी घर आखलं.

मी माझ्या वहीतल्या तक्त्यात पेन्सिलीने 'वोस' ची ओळ घातली. परीक्षेत लिहिली नाही, मार्क जायचे. :)

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला हे सगळं सांगता आलं असतं तर... बघा, आलाच संकेतार्थ. तिला स्पॅनिश, लॅटिन यातलं काही कळलं नसतं, पण जस्टिनियनची गोष्ट नक्की आवडली असती. परवा अमरावतीहून मामेबहिणीचा फोन आला. "काय करून राहिली वं?" तिने विचारलं. मी नेहमीप्रमाणे "काही नाही गं, स्वयंपाक करतेय" म्हणणार होते. थांबले.

"स्वयंपाक करून राहिली," मी म्हणाले.

पलीकडे जराशी शांतता. मग ती हसली, आणि अर्धा तास ती माझ्याशी जशी बोलली तशी गेल्या तीस वर्षांत बोलली नव्हती. भाजी खाली लागली, पण ते चालायचंच.